अंडं न फोडणारी फळी

माझी नडगी सुजली आणि आमच्या आत्याबाईंचं गावात नाव खराब झालं, तिथून ही सगळी गंमत सुरू झाली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन मी अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीत आले, ते साल एकाहत्तरच्या आसपासचं असेल. माहेर माझं पुणतांब्याचं, गोदावरीकाठचं. चालायला लागले त्यानंतर थोड्याच दिवसांत मी पोहायलाही लागले होते. सासरी मात्र पाणी होतं ते आडातलं आणि डोक्यावरच्या हंड्यातलं. भंडारदऱ्याचं धरण हाकेच्या अंतरावर, पण ते काठावरून बघायचं. मालक मास्तर होते, दुसऱ्या गावच्या शाळेत. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे घरात मी, आत्याबाई आणि भावजी.

भावजी, माझे धाकटे दीर, काही वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होते. समुद्राला कंटाळून परत आले, एक जुनी जीप घेतली आणि अकोल्याहून भंडारदऱ्याला सवाऱ्या नेऊ लागले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एका परदेशी मासिकाचं पान होतं. पानावर एक बाई चक्क पाण्यावर उभी. पायांखाली फळी, हातात दोर, दोराचं दुसरं टोक बोटीला, आणि बाई खो खो हसत होती. ते पान मी चुलीपुढे बसून इतक्यांदा पाहिलं की दोन-तीनदा भाकऱ्या करपल्या. मला बोट नको होती, परदेश नको होता, त्या बाईचे ते एवढेसे कपडेही नको होते. मला फक्त एकदा पाण्यावर उभं राहायचं होतं. एवढी साधी इच्छा मनात धरून मी धुणी धुवत होते, आणि धुणं आपटताना ती जास्तच जोरात यायची.

"वयनी, ते आदी जमिनीवर शिकत्यात," भावजी म्हणाले. "बंदरावर बघितलंय मी. जाळं ताणत्यात, त्याच्यावर फळी घिऊन उड्या मारत्यात. जाळ्यावर तोल सापडला का पान्यावर बी सापडतो."

झालं. भाताची मळणी उरकली होती, खळं मोकळं होतं. भावजींनी खळ्याच्या कडेला कमरेइतका खड्डा खणला, सागाचे चार वासे रोवून चौकट केली, तिच्यात बाजेची नवार आडवी-उभी विणली आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबांचे पट्टे कापून ती चौकटीला चहूबाजूंनी ताणून बांधली. गावानं तिला नाव दिलं उडती बाज.

पहिल्यांदा उडाले तेव्हा मी खाली आले आणि पोटातलं सगळं वरच राहिलं. दुसऱ्यांदा शेजारच्या घराची कौलं दिसली. तिसऱ्यांदा कौलांवर वाळत घातलेल्या कुरडया दिसल्या, त्या खाणारा कावळा दिसला, आणि मी हवेतूनच त्याला हाडहाड केलं. मग मला जे हसू सुटलं ते उचकी लागेपर्यंत थांबलं नाही. नऊवारीचा कासोटा ही मुळात उड्या मारण्यासाठीच केलेली सोय आहे, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

फळी आणली ती गोठ्याच्या मोडक्या दाराची. चांगली जाडजूड सागाची. ती पायाखाली घेऊन मी उडाले आणि पहिल्याच उडीत धडा मिळाला. बाज माणसाला वर फेकते तशी फळीलाही फेकते, पण दोघांना सारखं फेकत नाही. मी वर, फळी मागे. मी खाली येते तर फळी कड वर करून माझी वाट बघत उभी. माझी नडगी बरोबर त्या कडेवर आपटली. रक्त आलं, टेंगूळ आलं, आणि दुसऱ्या दिवशी मी लंगडत आडावर गेले.

संध्याकाळी आत्याबाई घरात आल्या त्या लालबुंद होऊनच. त्यांनी हंडा असा ठेवला की निम्मं पाणी बाहेर.

"आडावर बाया इचारत्यात, सुनंला कशानं मारलं. मी म्हनलं, आगं तिला फळी लागली. तर म्हनत्यात, हातानं भागलं न्हाई व्हय, फळी घ्यावी लागली?"

भावजी हसायला लागले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जीप पुसायला निघून गेले.

खरं सांगते, मला रडू आलं. आत्याबाईंनी मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिखट बोलायच्या, पण ताटात पहिली भाकरी मला वाढायच्या. नवरा गेल्यावर एकटीनं भातखाचरं सांभाळली, दोन पोरं वाढवली आणि गावात मान मिळवला, तो मान आता माझ्या नडगीपायी चालला होता. मी म्हणाले, "आत्याबाई, मोडून टाकू उडती बाज." आणि म्हणताना छातीत असं काही दुखलं की ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उठून कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेल्या आणि एक अंडं घेऊन आल्या.

"ह्याच्यावर पडली आन ह्ये फुटलं न्हाई, आशी फळी करा. तवर बाजंवर पाय ठिवायचा न्हाई. आन परत रगत निघालं, तर बाजंचं सरपन."

आता पणाला लागलं होतं माझं पाण्यावरचं उभं राहणं आणि आत्याबाईंचं नाव, दोन्ही एकाच फळीवर. भावजी आणि मी कामाला लागलो. आधी दाराच्याच फळीला गोणपाट गुंडाळलं. अंडं फुटलं. गोणपाटात भाताचा कोंडा भरला. अंडं फुटलं आणि खळंभर कोंडा उडाला. कडांना टायरचे तुकडे ठोकले, तर फळी इतकी जड झाली की अंड्याचं नुसतं फुटणं राहिलं बाजूला, त्याचं काही उरलंच नाही. आत्याबाई प्रत्येक वेळी अंडं स्वतः बाजेवर ठेवायच्या, फळी स्वतः डोक्यावर उचलून सोडायच्या आणि फुटलं की फार समाधानानं "बग" म्हणायच्या. रोज अंड्याची पोळी. शनिवारी मालक आले, ताटाकडे पाहून म्हणाले, "कोंबड्यांना एवढा उत्साह कशाचा आलाय?" आत्याबाईंनी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

वरून कितीही मऊ केलं तरी आतलं वजन मारतं, हे माझ्या लक्षात आलं ते एका दुपारी बांधावर बसलेली असताना. समोर पांगारा लाल फुलला होता. लहानपणी वडिलांनी पोहायला शिकवलं ते पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. वाळलेल्या पांगाऱ्याचा ओंडका, पोराला बुडू देत नाही इतका हलका. मी तशीच पळत घरी आले.

"पांगारा?" आत्याबाई म्हणाल्या. "त्यो तर चुलीत बी धड जळत न्हाई."

"म्हणूनच," मी म्हणाले. असं उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

वाळलेला पांगारा भावजींनी वाकसानं तासला, पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि बांबूच्या खुंट्यांनी जोडल्या. खिळा एकही नाही, कारण खिळा कधी ना कधी डोकं वर काढतोच. लांबी कमी केली, म्हणजे चौकटीला आपटणार नाही. कडा गोल. पाय अडकवायला चिंध्यांच्या वेण्या केल्या, पण गाठ न मारता नुसत्या खोचलेल्या: उडताना फळी पायाबरोबर यावी, आणि वेडावाकडा हिसका बसला तर वेणी आपोआप सुटावी. या वेणीवर आम्ही दीर-भावजय इतके भांडलो की मधल्या दोन दिवसांत एकमेकांशी बोललो नाही. ते म्हणत घट्ट, मी म्हणे सैल. शेवटी त्यांचाच पाय मुरगळला आणि मी बरोबर ठरले.

वरून फळीला अंगभर गोधडी शिवायची होती. मी जुनी लुगडी घेऊन बसले. आत्याबाई येता-जाता बघत होत्या.

"ह्ये टाके हायेत का डोंगरावं शेळ्या चालल्यात?"

त्यांनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. मग त्या दिवसभर उठल्या नाहीत. कडेला चार पदर, कोपऱ्यांना सहा. शेवटचा कोपरा शिवायच्या वेळी मला म्हणाल्या, "जा, पानी घिऊन ये." मी पाणी घेऊन आले तोवर कोपरा बंद झाला होता.

परीक्षेला आत्याबाईंनी आडावरच्या सगळ्या बाया बोलावल्या. साक्षीला माणसं हवीत ना. अंडं बाजेच्या मध्यावर. आत्याबाईंनी फळी डोक्यावर उचलली, डोळे मिटले, सोडली. फळी पडली, बाज खाली गेली, वर आली, फळी बाजूला घरंगळली. अंडं तिथेच, पांढरंशुभ्र. आत्याबाईंनी ते उचललं आणि एकेका बाईच्या नाकासमोर धरून फिरवलं. एक बाई हळूच म्हणाली, "उकडलेलं आसंल." आत्याबाईंनी तिच्यासमोर अंडं वाडग्यात फोडलं. पिवळा बलक टुक्कन मध्ये बसला. मग वाडगा तिच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "आता बगा, सुनंला कशानं मारती मी."

त्यानंतरचे दिवस मी जमिनीवर कमी आणि हवेत जास्त होते. फळी माझ्या पायाला धरून वर यायची, माझ्याबरोबर वळायची, पडले तर मऊपणानं अंगावर यायची, जशी गोधडी यावी. एकदा ऐन उडीत माझ्या पायांना इंगळी डसल्यासारखं झालं. मी एका पायावरून दुसऱ्यावर, हवेत गिरकी, पुन्हा दुसऱ्यावर अशी नाचले की खळ्यात जमलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं हा नवा प्रकार. होते मुंगळे. कोपऱ्यातून रांगच्या रांग आत चालली होती. मी कोपऱ्याची शिवण उसवली, तर आत भाकरीचा वाळका तुकडा.

"आत्याबाई, ही भाकरी कुणी घातली?"

"म्या," त्या म्हणाल्या, मीच काही चूक केल्यासारख्या. "गोधडीला उपाशी ठिवत्यात का? पोट भरलेलं आसलं म्हंजी पांघरणाऱ्याला जपती. तुला माहेरी शिकवलं न्हाई व्हय?"

शिकवलं होतं. आईसुद्धा गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात घास भरायची, पण तो घरातल्या लेकरांच्या गोधडीत. मी तिथेच खळ्यात फतकल मारून बसले आणि पाय खाजवत रडले, हसले, काय काय केलं देव जाणे. आत्याबाईंनी मुंगळे झटकले, नवी भाकरी आणली आणि कोपरा पुन्हा शिवला, या वेळी आत हळद टाकून.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की काठाला लांबलचक सपाट जमीन उघडी पडते. तिथून भावजी जीप पळवणार, जीपला दोर, दोराला मी. बोटीचं काय अडलंय? गोधडी भिजून जड होणार म्हणून पाण्यासाठी तीच जुनी दाराची फळी घेतली, पुढून तासून वर उचललेली. जीपमध्ये आडावरच्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि आत्याबाई माझी गोधडीची फळी मांडीवर घेऊन. "भिजली तर भिजली," त्या म्हणाल्या, "संगं आसू द्या."

सगळ्यांना काठावर उतरवून जीप निघाली. दोर ताणला गेला, फळीनं नाक वर काढलं, मी गुडघे वाकवले, बाजेवर वाकवायचे तसेच, आणि उठले. उभी राहिले. पाणी पायाखालून सळसळत मागे जात होतं, समोर डोंगर, काठावर बाया ओरडत पळत होत्या, आणि मी त्या पानावरच्या बाईपेक्षा जोरात हसत होते, कारण तिचं हसू ऐकू येत नव्हतं आणि माझं साऱ्या धरणाला ऐकू जात होतं. मग भावजींनी एक खड्डा चुकवला आणि मी गेले उताणी पाण्यात.

पडल्यावर खोल आत जायचं आणि लांब कुठेतरी वर यायचं, ही गोदाकाठची माझी जुनी खोड. वर आले तर काठावर बाया भलतीकडेच बोट दाखवत होत्या. आणि आत्याबाई पाण्यात. ज्यांनी जन्मात गुडघ्यावर पाणी येऊ दिलं नव्हतं, त्या गोधडीची फळी छातीशी धरून मी बुडाले होते तिकडे चालल्या होत्या. कमरेइतकं पाणी, छातीइतकं, मग त्यांचे पाय सुटले. मी जीव तोडून हात मारले.

पोचले तर त्या फळीवर पालथ्या पडलेल्या, लुगडं फुगून वर आलेलं, डोळे एवढे मोठे. आता शिव्या खायच्या म्हणून मी तयार झाले.

"आगं," त्या हळूच म्हणाल्या, "ही बुडत न्हाई."

"नाही बुडत, आत्याबाई. पांगारा आहे."

त्यांनी एक पाय हलवला. मग दुसरा. फळी जराशी पुढे गेली आणि त्यांच्या तोंडून हसू फुटलं. मी त्या घरात आल्यापासून एकदाही न ऐकलेलं, पोरीबाळींचं हसू. काठावरून एक बाई दुसरीला म्हणाली, "बग गं, सुनंमागं पान्यात गेली," आणि भावजी कंबरभर पाण्यात उभे राहून "आये, भाईर ये" म्हणून हाका मारत होते. आत्याबाईंनी तिकडे मान वळवली नाही. हातानं फळीचा कोपरा चाचपत होत्या.

"भाकरी भिजली आसंल."

"दुसरी भरू."

"भरू की," त्या म्हणाल्या. "पन आदी मला त्या तिकडं वढ. लई लांब न्हाई. त्या खडकापातूर."