पांढऱ्या कपाळानं भरलेली ओटी

गावच्या केसरआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या रक्तपेढीत कामावर होते. हातात मोजे होते, म्हणून फोन आधी तसाच वाजून गेला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. "आक्का गेल्या गं," आई म्हणाली, "दुपारी जेवल्या, आडव्या झाल्या, उठल्याच न्हायत..." मला रडू आलं नाही, राग आला. गावातल्या प्रतीक्षाची शिकायला पाठवणी अजून व्हायची होती आणि ही बाई मधेच उठून चालती झाली. त्या होत्या तोवर त्यांच्यावर रागवायची गावात कुणाची टाप नव्हती. ती हौस मी त्या दिवशी एसटीत बसल्याबसल्या भागवून घेतली.

आमचं गाव सास्तूरच्या अंगाचं, भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, सरळ गल्ल्यांचं. त्या भूकंपात आक्कांचा नवरा गेला, एकुलती एक लेक गेली. अशा बाईनं आमच्याकडं कोपरा धरायचा असतो. कुंकवाच्या ताटाला शिवायचं नाही, ओटी भरायची वेळ आली की आत जाऊन पोळ्या लाटायच्या. आक्कांनी काही वर्षं लाटल्या. मग एक दिवस कंटाळा आला, असं त्या सांगायच्या. मोठ्या विचारानं वगैरे काही सुरू झालं नाही. पोळ्यांचा कंटाळा आला, एवढंच.

पहिला हल्ला त्यांनी ब्लाऊजपीसवर केला. लग्नकार्यात बाया एकमेकींना जे ब्लाऊजपीस देतात ते कुणीच शिवत नाही. या घरातून त्या घरात फिरत राहतात आणि शेवटी ज्या बाईनं दिले तिच्याकडंच परत येतात. आक्का घरोघर गेल्या आणि म्हणाल्या, "ही फडकी फिरवायची बंद करा. त्याचा पैसा आपल्या बचत गटात टाका, पोरी शिकवू." आधी बाया हसल्या. पण त्या फिरणाऱ्या फडक्यांना सगळ्याच वैतागल्या होत्या, त्यामुळं पैसा जमू लागला.

पैसा नुसता हातात ठेवला असता तर कुणी काही बोललं नसतं. पण आक्कांना गुपचूप काही करता यायचंच नाही. आमच्याकडं पोरगी ओटी घेऊन, हलगीच्या मागं चालत गावाची शीव ओलांडते ती सासरी जाताना. आक्का म्हणाल्या, शिकायला निघालेल्या पोरीचीही तशीच पाठवणी करायची. मारुतीच्या देवळासमोर, सगळ्यांदेखत. नारळ, गहू, खण आणि खणाच्या घडीत फीचे पैसे. आणि ती ओटी भरायची गावातल्या विधवांनी. "सवाष्णींना सासरच्या ओट्या भरताना सवड न्हाय," त्या म्हणायच्या, "ह्या आमी भरतो."

पहिली पाठवणी माझी. बारावी झाली होती, सोलापूरला लॅबचा कोर्स करायचा होता. माझे चुलते दारात आडवे उभे राहिले. "पांढऱ्या कपाळाच्या बाईनं कुवारणीची ओटी भरायची? पोरीचं वाटोळं करायचंय का?" माझी आई चुलीपाशी होती. दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर झिंगून बसले होते. आई बाहेर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भावजी, माझी ओटी सगळ्या सवाष्णींनी मिळून भरली होती. काय भलं झालं ते तुमी बघताय की." चुलत्यांनी ओट्याकडं बघितलं आणि वाट सोडली. हलगीच्या मागं चालताना मला आधी लाज वाटत होती. शिवेपर्यंत पोचेतो ती कुठं गेली कळलं नाही.

आक्कांची अट एकच होती. पोरगी गावाबाहेर राहून शिकणार असेल तरच ओटी. रोज घरून ये-जा करणारीला त्यांच्याकडून एक दाणा मिळायचा नाही. लोकांना हे उफराटं वाटायचं. आक्का म्हणायच्या, "घरात राहून पोरगी शिकत न्हाय, राबती. सकाळी धुणं, सांच्याला भाकरी, मधी सोयाबीनची रास. पुस्तक कवा उघडायचं?" हे कारण त्या सगळ्यांना सांगायच्या. दुसरं कारण त्यांनी मला एकटीला सांगितलं. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी घरून निरोपावर निरोप येत होते, गणपतीला ये म्हणून. मला परीक्षा बुडवून जावंसं वाटत होतं. आक्का तुळजापूरला देवीला आल्या होत्या, तिथून तशाच पुढं सोलापूरला आल्या आणि हॉस्टेलच्या पायरीवर बसल्या. त्यांची लेक तुळजापुरात मावशीकडं शिकायला होती म्हणे. गणपती बुडवायला ये, असा आक्कांनीच हट्ट धरला होता. गणपती बुडवून सगळी घरी आली, जेवली, झोपली, आणि पहाटेपूर्वी घर अंगावर आलं... "म्या बोलावली म्हणून आली ती," आक्का म्हणाल्या. "तुला यावंसं वाटलं तर खुशाल ये. कुणी बोलावलं म्हणून येऊ नको." मग पिशवीतून भाकरी काढली, मला अर्धी दिली आणि बसस्टँडकडं चालू लागल्या. मी गेले नाही. गावाकडं सगळे रुसले, रुसू देत म्हटलं.

तर अशा बाईच्या तेराव्याला आमच्या गावच्या अण्णांनी माईक हातात घेतला. अण्णा म्हणजे मोठे जमीनदार, अर्ध्या गावाला त्यांच्या रानात काम. आक्का होत्या तोवर ते या ओटीच्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत. आता मात्र त्यांना एकाएकी आक्कांचा कळवळा आला. आक्कांच्या नावानं कमान उभारू म्हणाले. गटाचा पैसा त्यांच्या समितीकडं द्यावा, त्यात ते स्वतःची मोठी भर घालतील. फक्त पोरी लांब पाठवायच्या नाहीत, आपल्या डोळ्यांसमोर तालुक्यालाच शिकवायच्या. टाळ्या पडल्या. प्रतीक्षाचे वडील अण्णांकडं सालगडी. तिला लातूरला नर्सिंगला जागा मिळाली होती. ते मांडवात मान खाली घालून बसले होते आणि ती आईच्या पाठीमागं उभी होती. मला काही ते बघवेना.

मी उठले. म्हटलं, "अण्णा, कमान बांधा, न्हायतर पूल बांधा. ओटीला हात लावू नका. ती तुमची न्हाय." अण्णा हसले. "पोरी, तू आता सोलापूरची. गावात राहणाऱ्यांना ठरवू दे की." मी बायांकडं बघितलं. एकही बोलली नाही. मला त्यांचा राग आला नाही. उद्या सकाळी कुणाच्या रानात जायचंय ते त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी पैसा द्यायलाही होकार दिला नाही. अण्णांनी त्यांचं गप्प बसणंच होकार धरलं.

मी सोलापूरला निघायच्या आधी प्रतीक्षाचे वडील आईकडं आले. "वैनी, मालक म्हणतेत तालुक्यालाच घाल. मालकाच्या शब्दाभाईर कसं जावं?" दादा गेल्यापासून आईनंही कोपरा धरला होता. चुलत्यांना तोंडावर बोलणारी माझी आई, पण स्वतःवर पाळी आल्यावर कुणाच्या हळदीकुंकवाच्या दारात गेली नाही. आक्कांनी नाना तऱ्हांनी ओढलं, पण ती हलली नाही. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "पोरगी तुमची हाय का मालकाची? तुमची असंल तर सोमवारी देवळाम्होरं आणा. ओटी म्या भरते."

सोमवारी मी रजा टाकून गेले. हलगीवाल्याला अण्णांनी दुसरीकडं सुपारी दिली होती. देवळासमोर प्रतीक्षा, तिचे आईवडील, आई आणि मी, एवढेच. ओटी भरताना आईच्या हातून निम्मे गहू खालीच सांडले. ती खाली वाकून ते वेचू लागली, तेव्हा शेजारी दुसरा हात आला, मग आणखी एक. गल्लीगल्लीतून बाया येत होत्या. पांढऱ्या कपाळाच्या होत्या, कुंकवाच्याही होत्या. एकीनं घरातून परात आणली आणि कालथ्यानं बडवायला घेतली. इतका भिकार ताल मी जन्मात ऐकला नाही. त्या तालावर आम्ही शिवेपर्यंत गेलो.

लातूरची एसटी आली, प्रतीक्षा चढली, गाडी निघाली. आम्ही वळणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा. आक्का गाडी वळणाआड जाईस्तवर हलायच्या न्हायत." खरंच होतं. भर रस्त्यात, कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मग आम्हीही उभ्या राहिलो, अख्खा रस्ता अडवून. मागून अण्णांची जीप आली. त्यांनी हॉर्न दिला, मग दाबूनच धरला. माझ्या शेजारची बाई रोज त्यांच्याच रानात खुरपायला जाते. तिनं मागं वळून बघितलं, पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं आणि पदर खोचून उभी राहिली. गाडी अजून दिसत होती.