एकाच मेंदूची दोन मापं

माझा थोरला भाऊ वसंतदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बालाघाटच्या कोर्टात होतो. माझ्या एका अशिलाचं शेताच्या बांधाचं जुनं भांडण, साक्ष चालू होती. बाहेर येऊन नागपूरला फोन लावला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच वहिनी बोलू शकल्या. आपल्या दवाखान्यात, खुर्चीत बसल्या बसल्या दादाचं हृदय थांबलं होतं. या गोष्टीला दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, मोठा रेडिऑलॉजिस्ट गेला. मला मात्र आमच्या स्वयंपाकघरात आईसमोर मान खाली घालून बसलेला दादाच दिसत राहतो.

आमचे बाबा बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा गोंदियाला म्हणून निघाले, वाटेत राजेगावलाच बसमधून उतरले आणि कुठं जायचं तेच विसरून गेले. ओळखीच्या माणसानं घरी आणून सोडलं. दादा त्यांना नागपूरला घेऊन गेला, एमआरआय केला. मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या बाजूला, करंगळीएवढा एकेक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नवी आठवण धरून ठेवायचं काम त्याचं. तो झिजू लागला की माणूस विसरायला लागतो. दादानं फिल्मवर स्वतः त्याच्या कडा आखल्या, माप काढलं आणि फोनवर सांगितलं, "वयाच्या मानानं ठीक आहे बाबांचं. काळजी नको."

काळजी गेली, पण तिच्या जागी आईचा राग आला. रिपोर्ट चांगला, तर मग हा माणूस गॅस उघडा कसा ठेवतो? आताच जेवून पुन्हा ताट कसं मागतो? "मुद्दाम करून राह्यले तुम्ही! मले तरास द्याले!" ती दिवसभर बोलायची. बाबा ओशाळून हसायचे. "हौ... चुकलंच माझं." आम्हीही आईला अडवलं नाही, कारण खुद्द डॉक्टर मुलाचाच रिपोर्ट होता.

बाबांचं विसरणं वाढतच गेलं तेव्हा दादानं त्याच फिल्म मुंबईच्या एका मित्राकडे पाठवल्या. मित्राचं माप बरंच कमी आलं. म्हणजे झीज स्पष्ट होती. मेंदू एकच, फिल्म त्याच... दादानं त्या भागाचं शेपूट लांबपर्यंत धरलं होतं आणि पुढचा शेजारचा तुकडाही त्यातच मोजला होता. मित्रानं दोन्ही वगळले होते. आपापल्या पद्धतीनं दोघंही बरोबरच होते, कारण हा भाग कुठून कुठपर्यंत धरायचा यावर सगळ्यांचं एकमत कुठं होतं?

दादानं हे लपवलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. पण तो मुद्दाम बालाघाटला आला. आई भाजी चिरत होती. तिच्यासमोर खाली बसून म्हणाला, "आई, माझं माप चुकलं. बाबा मुद्दाम करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं."

आईचे हात थांबले. तिनं विळी बाजूला सारली. मग म्हणाली, "तू त डॉक्टर होय ना? मंग मले काहून बोलू देल्लं त्यायले?"

दादानं मान खाली घातली. त्या दिवसापासून बाबा जाईपर्यंत आई त्यांना एक वावगा शब्द बोलली नाही. पण आधीचे शब्द परत कसे घेणार? बाबा ते केव्हाच विसरले होते. आईला मात्र सगळे पाठ होते.

त्यानंतर दादाला एकच ध्यास लागला. हा भाग मोजायची एकच रीत ठरवायची. तो त्याच त्या फिल्म निरनिराळ्या गावच्या डॉक्टरांकडे पाठवायचा, त्यांनी आखलेल्या रेषा एकमेकींवर ठेवून बघायचा, कडेच्या एकेका वळणावरून तासन् तास वाद घालायचा. मला म्हणायचा, "तुमच्या कोर्टात आधी खुणेचे दगड ठरतात, मग मोजणी. आमच्याकडे जो तो आपलाच दगड घेऊन येते रे." काही जण पटले, काही शेवटपर्यंत अडून राहिले. एका दिवाळीत त्यानं मोठ्या उत्साहानं हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता काय उपयोग?" नंतर घरी आला की हा विषय त्यानं काढलाच नाही.

तेरवी झाल्यावर आईनंच मला विचारलं, "त्याचं ते मोजाचं काम... झालं का पुरं?"

"अर्धं झालं, आई. बाकीचं त्याचे सोबती करून राह्यले."

"मले सांगाले आलता तो," ती म्हणाली. "म्या आयकूनच नाही घेतलं."

आमच्या बालाघाटच्या घरी मागच्या खोलीत दादाचं टेबल खिडकीशी आहे. इकडे आला की फिल्म उजेडात धरून तो तिथंच बसायचा. ऊन वाढलं म्हणून परवा माझ्या बायकोनं त्या खिडकीला पडदा लावला. संध्याकाळी बघतो तर पडदा घडी करून खाटेवर ठेवलेला, आणि आई टेबलाशी बसलेली.

"राहू दे तो पडदा," ती म्हणाली. "उजेड अडते."