विहिरीपाशी काढलेला फोटो

तळमजल्यावरच्या काकींच्या भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. तो चौतिसाव्या वर्षी तापाने गेला. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून त्याचं डोकं मोठं करून घेतलं होतं. स्टुडिओवाल्याने त्याला कोट-टाय चढवला, गाल गुळगुळीत केले, भुवया रंगवल्या. माणूस जन्मभर केळीच्या वाडीत सदऱ्यावर राबलेला.

"चाळीस वर्षं परक्याला उदबत्ती लावतेय, बाय," काकी म्हणाल्या. "खरं तोंड आता आठवत नाही."

मी सातिवलीच्या एका कारखान्यात रसायनं तपासते आणि हौस म्हणून घरी कृष्णधवल फिल्म धुते. ते कळल्यावर त्या पत्र्याचा डबा घेऊन वर आल्या. डब्यात नवऱ्याचा कॅमेरा होता, रोल आतच.

"शेवटचा मीच काढला. विहिरीपाशी उभा केला. हलू नको म्हटलं, तर हसला. पुढच्या आठवड्यात गेला."

"कोणी उघडला नाही ना कॅमेरा?"

"मी हात लावू दिला नाही कोणाला."

ती वाडी म्हणजेच आमची इमारत. विहीर बुजवून वर पार्किंग केलंय.

फिल्म एकदाच धुता येते, आणि ही तर इतकी जुनी. चुकलं की गेलं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मे महिन्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. अशा पाण्यात जुन्या फिल्मवरचा थर सुटून येतो. म्हणून मी फिल्टरचं पाणी आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवलं. दुपारी बाथरूमची खिडकी काळ्या प्लास्टिकने बंद केली. काकी आत बसायचंच म्हणाल्या. त्यांना स्टूल दिलं, दिवा घालवला.

फिल्म कडक झाली होती, धुण्याच्या डब्यातल्या चक्रीवर चढेना. घाई केली तर तुटणार होती. तेवढ्यात काकी बोलू लागल्या. माझ्याशी त्या साधं मराठी बोलतात. हे त्यांच्या घरच्या बोलीतलं बोलणं होतं, हळू आवाजातलं, मध्ये मध्ये थांबणारं. प्रत्येक वेळी उत्तराला वेळ लागेल तेवढंच थांबत होत्या. मला अर्थ नीट लागला नाही, पण ते माझ्यासाठी नव्हतं एवढं कळलं. शेवटी फिल्म चढली, डब्याचं झाकण लागलं. दिवा लावला तेव्हा काकी नळाकडे बघत बसल्या होत्या.

रसायनं झाली, पाणी झालं. फिल्म बाहेर काढली तर बहुतेक चौकटी नुसत्या धुरकट. एकीत केळीची पानं. शेवटच्या चौकटीत विहिरीचा कठडा आणि शेजारी माणूस. मी पट्टी खिडकीतल्या उजेडात धरली. आभाळ काळं, सदरा काळा, डोकं पांढरंशुभ्र.

काकींनी पदर तोंडाला लावला. "केस पिकले याचे."

"हे उलटं असतं, काकी. काळ्याचं पांढरं दिसतं. कागदावर छापलं की सरळ होईल."

त्या पट्टीच्या आणखी जवळ सरकल्या.

"छापू नकोस. भिंतीवर तो चौतीसचाच राहिला आणि मी ही अशी म्हातारी. हा माझ्या जोडीचा दिसतो."

सुकल्यावर मी पट्टी कापून दिली. त्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून घेतला होता. रात्री कॉम्प्युटरवर तो सरळ करून मोठा केला. सदरा आला, कठडा आला, काळे केस आले. चेहऱ्याच्या जागी मात्र फिसकटलेला डाग. डोळे नाहीत, तोंड नाही. तो खरंच हलला होता. मी तो फोटो पुसून टाकला.

आता काकींच्या भिंतीवर खिळा आणि चौकोनी डाग उरलाय. पट्टी त्यांनी खिडकीच्या गजाला दोऱ्याने टांगलीय. ती पंख्याच्या वाऱ्याने फिरते आणि ते पांढरं डोकं एकदा आत बघतं, एकदा पार्किंगकडे.

परवा सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला गेले होते.

"बघ ना, बाय," काकी म्हणाल्या. "हसतोय ना?"

मी चष्मा लावून पाहिलं.

"हसतोय," म्हटलं आणि पेन पुढे केलं.