पश्चिमेची भिंत

फोन आला तेव्हा भीमाप्पा कांबळे निपाणीतल्या आपल्या घराच्या पडवीत थाप्या पुसून तेल लावत बसला होता. जुलैचा महिना, गुऱ्हाळं बंद, म्हणून त्याचंही काम बंद. फोन पारमिताचा होता. त्याच्या धाकट्या बहिणीची ही मुलगी जांबोटीच्या पुढे रानात एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका होती.

"मामा, आमच्या वसतिगृहातली सगुणा आज सकाळी सापडत नव्हती," ती म्हणाली. "सहाला बाहेर गेली ती नऊला मिळाली. ओढ्याच्या अंगाला, दरडीखाली. घोटा मोडलाय. अस्वल दिसलं म्हणून पळाली आणि पडली."

"जित्ती हाय न्हवं?"

"हाय. भरमा वॉचमननं पाठीवर घालून आणलं. बेळगावला नेऊन प्लास्टर घातलं."

"एवढ्या पावसात पहाटेचं रानात कशाला गेली? संडास हाय की."

पारमितानं आवाज खाली आणला.

"संडासात कोण जात नाही मामा. पंधरा दिवस झाले. आत उभं राहवत नाही इतका वास आहे. पोरी पहाटे रानात जात होत्या आणि मला कळू देत नव्हत्या. हुद्दार वकील भडकलेत. सोमवारी माणसं घेऊन येणार आहेत, तू बांधलेलं पाडायला."

तो दिवस गुरुवार होता. भीमाप्पानं फोन खाली ठेवला आणि हातातली थापी पुसायची तशीच राहिली.

भीमाप्पा गुऱ्हाळांची चुलवाणं बांधायचा. उसाचा रस ज्या मोठ्या काहिलीत उकळतो तिच्याखालची ती भट्टी आणि मागचं धुरांडं. आग सगळेच पेटवतात, पण वारा कुठून घ्यावा, कुठून सोडावा, धुरांडं किती उंच काढावं म्हणजे ओल्या चिपाडावरही जाळ भडकेल, हे निपाणीच्या आसपास त्याच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. चुलवाण नीट चाललं की तो म्हणायचा, "ओढतंय." त्याच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नव्हती.

म्हणूनच पारमितानं त्याला वसतिगृहावर नेलं होतं. तिथली अडचण विचित्र होती. पावसाळ्यात जमिनीत वीतभर खणलं की पाणी लागायचं, त्यामुळे शोषखड्ड्याचे जुने संडास भरून अंगणात वाहिले होते. आणि एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जायची, तेव्हा पोरींना अंघोळीपुरतंही पाणी नसायचं. तिनं कुठल्याशा प्रशिक्षणात बिनपाण्याचा संडास पाहिला होता. जमिनीवर जांभ्या दगडाच्या दोन बंद खोल्या, वर बसायची जागा, धुण्याचं पाणी वेगळ्या पन्हळीनं बाहेर. दर वेळी वरून मूठभर राख आणि भुसा. एक खोली भरली की बंद करून दुसरी सुरू करायची, वर्षभरात पहिलीतल्याची माती होते. वास मागच्या उंच काळ्या पाइपातून वर जायला हवा, विजेचा पंखा न लावता. ते ओढण्याचं गणित मामाला जमेल, असं तिला वाटलं.

मार्चमध्ये त्यानं ते बांधलं. उन्हानं पाइप तापला की आतली हवा सरसर वर जायची. बसायच्या जागेच्या भोकाशी कागदाचा कपटा धरला तर तो आत ओढला जाई. हुद्दार वकिलांनी, म्हणजे संस्थेच्या सेक्रेटरींनी, तेव्हा त्याला हार घातला होता.

घरात मात्र या कामाला हार नव्हता. त्याची आई तानीबाई ऐंशी ओलांडलेली, अजूनही विड्या वळणारी. काम घेतल्याचं कळलं त्या दिवशी तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं होतं.

"तुझ्या बानं मेलेली ढोरं वडायचं सोडलं, तवा गावानं वरीसभर आमाला हिरीवर येऊ दिलं न्हाय," ती म्हणाली होती. "आनि तू गू साठवायचं घर बांधायला निगालास."

"आई, वरसानं त्याची माती हुतीया. वास बी न्हाय, काय न्हाय."

"आनि ती माती कोन उपसनार?"

पारमितानं सांगितलं होतं की संस्था बघेल. तेवढ्यावर त्यानं काम उरकलं होतं.

शुक्रवारी सकाळच्या बसनं तो बेळगावला आला. जांबोटीची गाडी दीड तास उशिरा सुटली. फाट्यावर उतरून पुढची चाल आडव्या पावसात, छत्री दोनदा उलटी झाली. वसतिगृहावर पोचला तेव्हा तीन वाजले होते. तो चहाला थांबला नाही. सरळ संडासाकडे गेला, दार उघडलं आणि दोन पावलं मागं आला. डोळ्यांत पाणी आलं.

पारमिता मागं उभी होती. "बघितलंस?"

"उदबत्ती दे एक."

काडेपेटी सर्द झाली होती, चार काड्या वाया गेल्या. पेटलेली उदबत्ती त्यानं भोकावर धरली. धूर खाली जायला हवा होता. तो फणकाऱ्यानं वर आला आणि त्याच्याच तोंडावर आदळला. पुन्हा धरली, पुन्हा तेच. हवा पाइपातून खाली येत होती आणि भोकातून वरच्या, बसायच्या खोलीत. चुलवाण उलटं फिरलं की जाळ तोंडातून बाहेर येतो आणि जाळणाऱ्याच्या भुवया भाजतात. हे तसंच होतं.

तो बाहेर येऊन पावसात इमारतीभोवती फिरला. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबला. पाऊस तिथं चिऱ्यांवर काठीनं मारल्यासारखा आपटत होता. आत पाणी येऊ नये म्हणून त्यानं ही भिंत पूर्ण बंद ठेवली होती आणि झरोका पलीकडे, पूर्वेला, आडोशाला दिला होता. मार्चच्या उन्हात ते चाललं. आता ऊन नव्हतं, पाइप थंड होता, होता तो फक्त वारा. पश्चिमेचा वारा बंद भिंतीवर आदळून छपरावरून जात होता आणि पलीकडच्या झरोक्यातून खोलीतली हवा ओढून काढत होता. तिची भरपाई म्हणून खोली मग भोकातून खालची हवा वर ओढत होती. शिवाय पाइपाचं तोंड छपराच्या आढ्यापेक्षा हातभर खाली राहिलं होतं, त्यामुळे छपरावरून घसरणारा वारा त्यात वरून घुसत होता.

"चूक माझी हाय," तो पारमिताला म्हणाला. "पावसाला भिऊन मी वाराच कोंडलोय. त्या पोरीचा पाय माझ्यापायी मोडला."

"मामा, तसं म्हणू नकोस."

"म्हणून काय हुतंय. सोमवारपातुर दोन दीस हाईत."

त्याच संध्याकाळी हुद्दार वकिलांचा फोन आला. पारमितानं स्पीकर लावला. वकील सभ्य माणूस, आवाज कधी चढवत नसत.

"भीमाप्पा, तुम्ही आलात ते बरं झालं की. पाडायच्या आधी आतलं सगळं बाहेर काढायला हवं. ते काम आमच्याकडचं कोणी करणार नाही. तुम्ही तुमची चार माणसं बोलावून घ्या निपाणीहून. मजुरी दुप्पट देऊ."

भीमाप्पानं भिंतीला हात टेकला. आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला असं, इतक्या सहज आवाजात मिळालं होतं. तुमची माणसं. वकिलांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. छपराला सुतार बोलवा म्हणावं तसं ते म्हणाले होते, आणि तेच त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

"साहेब," तो म्हणाला, "आमच्यातलं कोण येणार न्हाय. मी बी उपसणार न्हाय. सोमवारी या तुमी. तवर मला काम करू द्या."

"पाडायचं ठरलंय, भीमाप्पा."

"व्हय. पर तवर करू द्या."

फोन बंद झाला. पारमिता काही बोलायला गेली, त्यानं हात वर करून थांबवलं. रात्रभर तो अंथरुणावर बसून होता. सकाळची पहिली गाडी सातला होती. परत जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली होती. सात वाजता गाडीचा भोंगा फाट्याच्या बाजूनं ऐकू आला तेव्हा तो पश्चिमेच्या भिंतीसमोर छन्नी धरून उभा होता.

भरमा मदतीला आला. छातीच्या उंचीला चार चिरे काढले आणि त्या भोकात कौलं तिरकी, एकावर एक बसवली, म्हणजे वारा आत यावा आणि पाणी बाहेर सांडावं. वर पत्र्याची हातभर वळचण काढली. पूर्वेचा झरोका विटांनी बुजवला. जुन्या पंपघरात पडलेला चार फुटी पाइप काढून मूळ पाइपाला जोडला, वर माश्यांसाठी जाळी बांधली. चढून जोडताना एकदा भरमाच्या हातातून शिडी सुटली. भीमाप्पा पाइपाला मिठी मारून लटकला आणि पायानं छपराची कड शोधत तिच्यावर टेकला.

शनिवारी दुपारी काम संपलं. उदबत्ती धरली. धूर एकदा डगमगला आणि भोकात शिरला. पारमितानं बाहेरून पाइपाच्या टोकाकडे बघत हाक दिली, "मामा, वर दिसतोय."

भीमाप्पा "ओढतंय" म्हणाला नाही. त्यानं पोती भरून कोरडी राख आतल्या ढिगावर टाकली आणि म्हणाला, "पोरींना सांग. जबरदस्ती करू नको."

सोमवारी वकील नऊ वाजता आले, मागं जीपमध्ये घण-पहारी घेऊन तीन माणसं. आणि नेमका त्या सकाळी वारा पडला. आठवडाभर झाडं पिरगळणारा वारा, पण त्या घडीला पान हलत नव्हतं. भुरभुर पाऊस सरळ खाली येत होता.

वकिलांनी नाकाला रुमाल लावला. भीमाप्पानं उदबत्ती भोकावर धरली. धूर तिथंच घुटमळला, वर गेला नाही, खाली गेला नाही.

"खाली कुठं जातोय?" वकील म्हणाले.

"वारा न्हाय, साहेब. वारा पडला की कमी ओढतंय. हे खरं हाय, मी लपवत न्हाय."

"म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर चौतीस मुली ठेवायच्या?"

घणवाली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. तेवढ्यात मागून कुबडीचा आवाज आला. सगुणा झोरे, आठवीतली धनगराची पोर, प्लास्टरच्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून एकेक पायरी चढत होती. तिनं सगळ्यांकडे बघितलं.

"सर, तुम्ही सगळे जरा बाहेर थांबता काय? मला जायचंय."

वकील गडबडून बाहेर आले. सगळे पावसात उभे राहिले आणि इकडेतिकडे बघू लागले. थोड्या वेळानं दार उघडलं. सगुणानं हात धुतले.

"वास?" वकिलांनी विचारलं.

"हाय थोडा. गोठ्यात असतो तेवढा," ती म्हणाली. "मागं डोळे झोंबायचे."

तिच्यामागं आणखी दोघी आल्या होत्या, मग पाच झाल्या. शाळेची वेळ होत आली होती आणि त्यांना वकिलांची परवानगी नको होती, वाट हवी होती. वकील बाजूला सरले. रुमाल त्यांनी कधी खाली घेतला ते त्यांनाही कळलं नसावं. मग ते घणवाल्यांना म्हणाले, "जीपमध्ये बसा."

"ऱ्हाऊ दे म्हणताय न्हवं?" भीमाप्पानं विचारलं.

"बघू एक पावसाळा."

"मग एक कागद करा. खोली उघडंल तवा संस्थेची मेंबरं उपसतील. फावड्यानं, हातमोजं घालून. मजूर न्हाय, कुठल्याबी जातीचा. कागद न्हाय तर घण मला द्या, मीच पाडतो. आत्ता."

पारमितानं खाली बघितलं. वकिलांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. शुक्रवारी आपण काय बोललो होतो ते त्यांना बहुधा त्या क्षणी ऐकू आलं. ते ऑफिसात गेले आणि ठरावाचं पुस्तक मागवलं.

खालची ती पहिली खोली पुढल्या उन्हाळ्यात भरली आणि एक वर्ष बंद राहिली. उघडली त्या दिवशी सहापैकी तीन मेंबर आले. हुद्दार वकील जुनी पँट घालून आले होते. आत काळी, भुसभुशीत माती होती, पावसात भिजलेल्या पाचोळ्यासारख्या वासाची. पहिल्या चार फावड्यांना वकिलांनी तोंड फिरवलं, नंतर फिरवलं नाही. भीमाप्पाला ती माती हातात घेऊन बघायची फार इच्छा होती, सगळ्या बांधकामाचा निकाल होता तो. पण तो वळचणीखाली हात मागं बांधून उभा राहिला आणि शेवटचं घमेलं केळीच्या आळ्यात जाईपर्यंत तसाच राहिला.

घरी गेल्यावर तानीबाईनं विचारलं, "कोन उपसलं?"

"वकील."

तिनं विडीचं पान कातरता कातरता मान हलवली. भाकरी वाढायला उठली तेव्हा म्हणाली, "रडला का काय?"

"न्हाय. कंबर धरली त्याची."

त्यानंतर भीमाप्पाला तशी तीन ठिकाणांहून बोलावणी आली. तो पावसाळ्यात जातो, जागेवर दिवसभर उभा राहतो, वारा कुठून येतो ते बघतो, मग कागद मागतो. दोन ठिकाणी त्यानं बांधलं. तिसऱ्या ठिकाणी लोक म्हणाले, कागद कशाला, माणसं मिळतात की. तिथून तो चहा न घेता परत आला.