आधी मी बघणार

शैला मॅडमचं नाव आधी लिहिते. मागाहून लिहिलं तर राग पुढं येईल आणि नाव राहून जाईल. त्या डॉक्टर. मी तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहणारी, वाशीच्या फ्लॅटांत धुणीभांडी करणारी. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या सख्ख्या माणसांनी केलं नाही. आणि त्यांच्यावर मी जेवढी जळले तेवढी दुसऱ्या कुणावर जळले नाही. दोन्ही खरं आहे.

आता झालं ते.

"बाई, तोंड तिकडं करा. तुम्ही बघून काय करणार?"

हॉस्पिटलचे मोठे सर म्हणाले. मला कोपरानं वळवलं. हातात मोजे होते, मला शिवले तर खराब होतात म्हणे. शिवाशिव मला गावातनं ठाऊक होती. इथं तिला मोज्यांचं कारण होतं.

मी भिंतीकडं तोंड केलं. टेबलावर माझा मिलिंद, पाच वर्षांचा, इंजेक्शननं गुंगलेला. त्याचं डोकं माझ्याच हातात. हात लेकराला आणि तोंड भिंतीला, अशी मी उभी.

मिलिंद कॉस्टिक सोडा प्यायला होता. मी ज्या घरी कामाला जायची, त्यालाही बरोबर न्यायची, त्या घरच्या बाईंनी न्हाणीघर घासायला ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. आमच्या घरात तसली बाटली कधी आली नव्हती. म्हणूनच त्यानं ती उचलली. आतली अन्ननळी भाजली, आकसत गेली. पोटाला भोक पाडून रबरी नळी घातली, त्यातनं पेज सोडायची. तोंडानं काही नाही. स्वतःची थुंकीसुद्धा तो वाटीत टाकायचा. दर काही आठवड्यांनी आत दुर्बीण घालून अन्ननळी रुंद करायची, असं चाललेलं.

सरांनीच त्याला जगवलं, हे खोटं नाही. मी त्यांच्या पाया पडले होते. पण त्या दिवशी शिकवताना ते सगळ्यांना म्हणाले, "ह्या लोकांच्या घरी असंच असतं. दिसेल त्या बाटलीत काहीही भरतात." मी म्हणाले, "साहेब, बाटली आमची नव्हती." कुणी मान वर केली नाही. पुढचं सगळं इंग्रजीत.

सर लहान मुलांचा श्वासाचा रस्ता आणि अन्नाचा रस्ता, एवढंच बघायचे. त्यांच्या हाताखाली चार डॉक्टर शिकायला होते. आधीच पास झालेले, सह्या करणारे डॉक्टर. त्याच्यावरचं शिक्षण. फेलोशिप म्हणायचे. हे कळलं तेव्हा मला पटेना. एवढं शिकल्यावर आणखी शिकवतात? मला परभणीकडच्या गावात चौथीतून काढलं. धाकटी भावंडं सांभाळायला. गुरुजी एकदाही विचारायला आले नाहीत.

दुर्बिणीला बाजूनं एक जोडनळी होती, शिकणाऱ्यांना बघायला. एकेकानं डोळा लावायचा. त्याला ते नंबर म्हणायचे. एक डॉक्टर मस्करी करायचा, "सर, पिक्चर हाउसफुल्ल, मला तिकीट ब्लॅकनं घ्यावं लागेल." सगळे हसायचे. सरही. आणि मग तेच सर अशा मऊ आवाजात विचारायचे, "काय दिसतंय? नीट बघ. घाई नाही." कुणाचं चुकलं तर परत दाखवायचे. न रागावता. तो आवाज मी भिंतीकडं तोंड करून ऐकायची. कुणी माझ्याशी तसं बोललं असतं तर मी काय झाले असते.

शैला मॅडम त्या चौघांत एकट्याच बाई. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. खिशाला दोन पेनं. हात असे की कधी राख लागली नसेल. मिलिंद माझ्याजवळ रडायचा आणि सुईसाठी हात मात्र त्यांच्यापुढं करायचा. "मॅडमची सुई दुखत नाही," म्हणायचा. एकदा त्यांनी बाकड्यावर माझ्याशेजारी बसून डबा उघडला, अर्धी पोळी पुढं केली. मी नको म्हणाले. भूक होती. पण त्यांचं घ्यायचं नव्हतं. घरी नवऱ्याला सांगितलं, मला आत काही बघू देत नाहीत, तर तो म्हणाला, "टेन्शन कशाला घेती? मोठे डॉक्टर हायत." त्याला कसं सांगू की मला त्यांचा डबा नको, त्यांचा डोळा पाहिजे, त्या जोडनळीला लागणारा.

मला एकच विचारायचं होतं. माझं लेकरू भाकरी खाईल का. सरांना विचारलं, ते म्हणाले, "बघू." दुसऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, "सरांना विचारा." सगळे आत डोकावून आलेले, आणि सांगत कुणी नव्हतं.

पुढच्या खेपेला परत तेच. दुर्बिणीआधी घशात कडू औषधाचा फवारा मारायचे. मिलिंद त्यासाठी दुसऱ्या कुणापुढं तोंड उघडायचा नाही. मी हनुवटीला बोट लावलं की उघडायचा. म्हणून तर मला आत ठेवायचे. सर म्हणाले, "चला बाई, उघडा त्याचं तोंड. आणि मग तोंड तिकडं."

मी बोट लावलं. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मी बोट मागं घेतलं.

"आधी मी बघणार," मी म्हणाले.

"काय?"

"आत कुठं अडतंय ते मला बघायचंय. तुम्ही सगळे बघता. मग मी का नाही?"

मस्करी करणारा डॉक्टर हसायला लागला आणि थांबला. दाराशी उभ्या आयाबाई, कोपरखैरणे गावच्या, माझा पदर ओढून हळूच म्हणाल्या, "गप ऱ्हा गो बाय. मोटा डाक्टर हाय, पोराला हाकलून देल."

सरांचा आवाज चढला नाही. "नसेल करायचं तर घेऊन जा. बाहेर रांग आहे."

घेऊन कुठं जाणार होते? ह्या गावात ओळखीचा दुसरा डॉक्टर कुठला? अन्ननळी परत आवळली असती. तरी बोट पुढं जाईना. मिलिंदचं तोंड घट्ट मिटलेलं.

शैला मॅडम म्हणाल्या, "सर, माझा नंबर त्यांना द्या."

"मग तुमचा गेला. आज तुम्हाला दुर्बीण हातात मिळणार नाही."

"चालेल."

मी बोट लावलं. लेकरानं तोंड उघडलं.

मॅडमचा नंबर शेवटचा होता. सगळे बघून झाल्यावर त्यांनी मला जोडनळीशी उभं केलं. एक डोळा मिटायला शिकवलं. आधी नुसता धूर. मग दिसलं. ओला, तांबूस बोगदा. पुढं पांढरं कडं, भाजलेल्या कातड्यासारखं. मध्ये हरभऱ्याएवढं काळं भोक. माझ्या लेकराचं सगळं जगणं त्या भोकाशी अडलेलं.

"हे मोठं करायचंय," मॅडम कानाशी म्हणाल्या. "होतंय, पण हळूहळू."

"भाकरी?"

"आत्ता नाही. वर्ष लागेल. कदाचित जास्त. खाईलच असं मी सांगत नाही."

इतक्या दिवसांत पहिलं खरं उत्तर. मी रडले नाही. बघत राहिले, सर "पुरे" म्हणेपर्यंत.

जळणं मात्र गेलं नाही. उलट वाढलं. बसमध्ये मिलिंदला मांडीवर घेऊन मी विचार करत होते. त्यांच्याकडं द्यायला नंबर होता म्हणून त्या देऊ शकल्या. माझ्याकडं काय होतं? मिलिंद झोपेत थुंकी गिळत होता, थोडी थोडी. मी त्याच्या हनुवटीला बोट लावलं. तोंड उघडलं.

तेव्हा कळलं. ते सगळे नंबर निघत होते कुठून? ह्याच तोंडातून. मी बोट लावल्याशिवाय एकाचाही नंबर लागत नव्हता. आणि भिंतीकडं तोंड करून मीच उभी.

त्यानंतर मी भिंतीकडं तोंड केलं नाही. प्रत्येक खेपेला आधी विचारते, आज काय करणार, किती जण बघणार, मला कधी दाखवणार. सर माझ्यावर चिडतात. चिडू देत. बाहेर बाकड्यावरच्या बायांनाही सांगते, विचारा. काही विचारतात, काही घाबरतात.

शैला मॅडमचं शिक्षण संपलं, त्या गेल्या. जाताना सांगून गेल्या की त्याही आता अशीच दुर्बीण चालवणार. मिलिंद अजून भाकरी खात नाही. पेज तोंडानं घेतो.

मॅडम, तुमचा एक नंबर माझ्यावर उधार आहे. तो मी ठेवून घेणार नाही. तुम्ही जिथं असाल तिथं एक दिवस मिलिंदला घेऊन येईन. त्याला आधी सगळं सांगीन, त्याला विचारीन, मग त्याच्या हनुवटीला बोट लावीन. त्या दिवशी सगळ्यांत पहिल्यांदा तुम्ही बघायचं. मी देते म्हणून.