विम्याच्या कार्डावरचं नाव

नागपुरात संत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका कारखान्यात मी आऱ्यावर होतो. कारखाना म्हणजे टिनाचं एक शेड, विजेवरचा आरा आणि मागे मोकळी जागा. मी लाकूड चिरायचो, गडी फळ्या कापायचे आणि बाया पेट्या ठोकायच्या. त्या बायांत माझी बायकोही होती. ओठांत खिळे धरून ती पेटी ठोकायला बसली की बाकीच्यांनी फक्त फळ्या पुरवायच्या. संत्र्याचा हंगाम सरला की साबणाच्या, काचसामानाच्या पेट्या यायच्या. काम बारा महिने होतं.

तिला खोकला लागला तो ऐन उन्हाळ्यात. थंडीत सगळेच खोकतात, नागपूरच्या उन्हाळ्यात कोण खोकतं? डॉक्टरने छातीचा फोटो काढायला लावला. म्हणाला, डाग आहे. बरा होतो, पण सुया अन् औषध वर्षभर चालू ठेवावं लागेल. मध्ये सोडलं तर मग माझ्याकडे येऊ नका.

आमचा मालक वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कोणाचं बोट आऱ्यात गेलं तर स्वतः रिक्षात घालून न्यायचा. पण दिलेलं तो विसरत नसे, आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे. पहिल्या सुया त्यानेच आणून दिल्या. मग लाकडाच्या ट्रकवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, "याच्या बायकोचं मीच पाहून राहिलो." आऱ्याच्या आवाजात मला जेवायला बोलावलेलं ऐकू येत नसे, पण हे वाक्य बरोबर ऐकू यायचं.

तेव्हा कामगारांचा सरकारी विमा होता. थोडं पगारातून कापायचं, थोडं मालकाने भरायचं, की विम्याच्या दवाखान्यात डॉक्टर, सुया, औषध सगळं मिळायचं. पण आमच्यासारख्या विजेवरच्या कारखान्यात वीस माणसं असली तरच तो लागू व्हायचा, आणि आमच्या हजेरीत वीस कधी भरलेच नाहीत. बायांना पेटीमागे मजुरी, म्हणून त्या कामगार नाहीत, असं मालकाचं गणित. विम्याचा साहेब तपासायला आला की बाया मागच्या दाराने बाहेर. मारुतीच्या पारावर बसायच्या, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा पाहायच्या, साहेबाची जीप गेली की परत. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. तेवढाच आराम.

त्या वर्षी साहेब आला तेव्हा मी आरा बंद केला आणि मागच्या दारात उंबरठ्यावर पाय आडवे टाकून बसलो.

"उठ ना गा," मालक हळूच म्हणाला.

"नाही उठत."

"काहून?"

"बायाइले मोजू द्या."

"तुह्या बायकोले औषध कमी पडू देलं का मी? काय कमी केलं बे तुले?"

"काही कमी नाही केलं, मालक. जास्तच केलं. आता माह्यं मले करू द्या."

मागे उभ्या बायांतली एक म्हातारी ओरडली, "आमचा आराम काहून बुडवतं रे बाप्पा!" सगळ्या खो खो हसल्या. त्या हसण्याच्या आवाजानेच साहेब मागच्या बाजूला आला. आला, आणि बाया मोजल्या.

मालक पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. कामावरूनही काढलं नाही. माझ्यासारखा आरा धरणारा त्याला मिळाला नसता, हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही.

मोजणीत वीसच्या वर भरले, विमा लागू झाला, आणि विम्याचा कारकून नावं लिहायला बसला. बायको मागे मोकळ्या जागेत पेट्या ठोकत बसलेली, ती काही पुढे येईना. त्याने मलाच विचारलं, "बाईचं नाव?" चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मी घेतलं, मोठ्याने. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने जे लिहिलं होतं, तेच.

कार्ड आलं. औषधाला घरूनच बाटली न्यावी लागायची. तिने तेलाची बाटली राख आणि गरम पाणी घालून घासली आणि एकटी, ऐटीत गेली. परतली ती रिकामी बाटली घेऊन.

"काय झालं वं?"

"बलावलंच नाही मले. खिडकी बंद झाली अन् कार्ड हातात देलं."

दुसऱ्या खेपेलाही तेच. इकडे मालकाच्या सुया थांबलेल्या, आणि खोकताना ती भिंतीला हात टेकू लागलेली. माझं डोकं फिरलं. पगार कापता अन् माणूस परत पाठवता? तिसऱ्या खेपेला भांडायच्या तयारीनेच मी तिच्याबरोबर गेलो.

बाकावर बसलो. खिडकीत कार्डांची चळत ठेवून कंपाउंडर एकेक नाव पुकारत होता. लोक उठत होते. मग त्याने एक नाव घेतलं. कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा घेतलं.

"कोन आहे वं ही? येत काहून नाही?" शेजारची बाई म्हणाली.

माझी बायकोही मान वळवून त्या बाईला शोधत होती.

तेव्हा मला कळलं. माहेरी तिचं नाव वेगळं. आमच्या घरी आल्यावर माझी माय तिला सूनबाई म्हणायची, शेजारीपाजारी पोराची माय म्हणायचे, मी नुसतं वं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून आम्ही खाल्ले होते, आणि नावही त्यांच्याबरोबरच गेलं होतं.

"अवं, तुलेच बलावून राहिला तो."

"मले? हे तर कोन्या दुसऱ्या बाईचं नाव हाय."

"तुह्यंच हाय. मीच लिवून देलं."

"मंग मले सांगाचं नाही का हो तुमी!"

अख्खा बाक हसला. कंपाउंडर म्हणाला, "भाऊ, आधी घरात ओळख करून द्या, मग इथं आणा." माझं भांडण तोंडातच राहिलं. ती उठली, सुई घेतली, बाटली भरून घेतली. मालकासमोर औषध घेताना आमच्या माना खाली जायच्या. त्या खिडकीशी तिने मान खाली घातली नाही. तिच्याच पेट्यांतून कापलेलं होतं ते.

घरी मी सराव सुरू केला. ती चुलीपुढे बसली की दारातून नावाने हाक मारायची. पहिल्यांदा तिने पाहिलंच नाही. मग पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. "पोरं आयकतील ना!"

"आयकू दे."

पुढे कंपाउंडरने अर्धं नाव घेतलं की ती बाटली घेऊन उभी राहू लागली. वर्ष सरलं, फोटो पुन्हा काढला. डाग गेला होता. मालकाने एकदा, आऱ्याकडे पाहत विचारलं, "कशी हाय आता?" मी म्हटलं, "बरी हाय." "हं," म्हणाला, आणि चहावाल्याला काही सांगायला गेला नाही.

कार्ड कधीचं विरलं. पोरं म्हणतात, मायले आता ऐकू येत नाही. येतं. नाव घेऊन हाक मारावी लागते, एवढंच.