भाद्रपदातलं रक्त

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी जिनपाल वर्षातले दहा दिवस साधू आणि बाकीचे सगळे दिवस खादाड होता. भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व आलं की गडी एक वेळच जेवायचा. तेल, तूप, गोड सगळं बंद. पर्व संपलं की सकाळी जिलेबी, दुपारी भजी, दिवस मावळायच्या आत वाटीभर बासुंदी. पोट सुटलं, जिना चढताना धाप लागायला लागली. पण बोलायची सोय नव्हती, कारण त्याच्याकडे रिपोर्ट होता.

पर्वाच्या शेवटच्या दिवशी समाजाच्या हॉलमध्ये रक्ततपासणी असायची. व्रतानं निवळलेलं रक्त तो तिथं द्यायचा. साखर बरी, चरबी बरी, शरीराच्या आतली सूज दाखवणारा सीआरपीही बरा. मग वर्षभर बायकोच्या तोंडावर तोच कागद!

"आवं, दिवाळी झाल्यावर एकदा तपासा की," गुणमाला म्हणायची.

"पास झालेल्यानं परत परीक्षेला बसायचं व्हय गं?"

एका दिवाळीत तिनं लॅबचा माणूस घरीच बोलावला. जिनपालनं त्याला दोन करंज्या खाऊ घातल्या आणि वाटेला लावलं.

माघात दुकानातच त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट पाहिले, तारखा पाहिल्या. "ही आतली सूज सारखी कमीजास्त होते, बाई. दोन-तीनदा, अंतरानं बघावी लागते. तुम्ही दर वर्षी फक्त उपवासातच बघितली?" गुणमालानं करंज्यांची गोष्ट सांगितली. नवऱ्याचा दंड धरून काही सुई टोचता येत नाही. दोन दिवसांत तो गेला. तिला रडू मागाहून आलं. आधी आला तो संताप. मेल्या माणसावर चिडायचं नसतं म्हणतात. ती चिडली.

भेटायला येणारे म्हणत, "एवढा निरोगी माणूस! दृष्ट लागली."

पुढच्या भाद्रपदात समाजानं तपासणीच्या शिबिराला जिनपालचंच नाव दिलं. दिवा लावायचं आमंत्रण घेऊन पंच घरी आले. सोबत तिचा थोरला मुलगा होता, अतिशय नावाचा, बापाच्या गादीवर बसल्यापासून अंगानं सुटलेला.

"दिवा लावते," गुणमाला म्हणाली, "पन शिबिर दिवाळी झाल्यावर घ्या."

पंच खाली बघायला लागले. अतिशय मात्र हसला.

"आई, दिवाळीनंतर कुणाचं रगत चांगलं निघणार हाय गं?"